रात्रीचं रगत

"दिवसा घ्या न रगत, रात्री कायले झोप मोडता?" भंडारा-चंद्रपूरकडच्या गावांत हत्तीरोग पथकाचा तंत्रज्ञ म्हणून फिरताना हा प्रश्न मला दारोदार ऐकू यायचा. साडेआठनंतर बॅटरी घेऊन निघायचं, स्पिरिटनं बोट पुसायचं, टोचायचं आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा.

रात्रीच, कारण हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात. मध्यरात्रीच्या आसपास ती कातडीजवळच्या रक्तात उतरतात आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय इथं ही पिल्लं डासाच्या अंगात वाढताना पाहिली.

मोठे जंत मात्र रक्तात राहत नाहीत. ते राहतात लसिकावाहिन्यांत आणि या वाहिन्यांबद्दल आपल्या लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं, ही माझी जुनी खंत आहे. हृदयातून निघते ती महारोहिणी अंगठ्याएवढी जाड. तिला फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या होतात. त्या इतक्या अरुंद की सात-आठ मायक्रॉनची तांबडी पेशीही एकेक करून, अंग चोरून पुढं सरकते. त्यांच्या भिंती पाझरतात. तो पाझर पेशींना पोसतो, पण सगळाच काही शिरांत परतत नाही. रोज दोन-तीन लिटर बाहेरच उरतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. त्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिनीची भिंत स्वतः आवळते, चालताना पोटरी दाबते, श्वासानं ओढ लागते आणि आतल्या झडपा द्रव मागं येऊ देत नाहीत. पायाच्या बोटापासून निघालेला हा द्रव डाव्या गळपट्टीच्या हाडामागं शिरेला मिळतो.

वाटेत जागोजाग नाके आहेत, लसिकाग्रंथी. तिथं पांढऱ्या पेशी जंतूंची वाट अडवून बसलेल्या असतात. पायात काटा रुतून चिघळला की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ते नाक्यावर झुंज सुरू असल्याचं लक्षण. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक काखा नि जांघा चाचपायचे, त्या गाठीही याच.

हत्तीरोगाची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी. सहा-आठ वर्षं ती वाहिनीतच राहते. वाहिनी फुगते, झडपांची पानं एकमेकींना भिडेनाशी होतात, द्रव साचतो. अशा पायात बोटांच्या बेचकीतल्या चिरेतून साधे जंतू शिरले तरी त्यांना अडवणारं कुणी धड उरत नाही. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक तापासरशी सूज थोडी कायमची वाढते. पाय जाड होतो तो नुसत्या जंतानं नव्हे, या तापांनी. हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत आलो.

एका गावात धान लावणारी एक आजी होती. दर पावसाळ्यात तीन-चारदा तापानं आडवी व्हायची. तिच्या अंगणात बसून मी तिचा पाय धुतला. गार पाणी, साधा साबण, घासायचं नाही. बेचक्या मऊ फडक्यानं टिपून कोरड्या करायच्या, चिरेला मलम लावायचं. रात्री पायाखाली गोधडीची घडी, बसल्या जागी घोटा वरखाली. पंप नसलेल्या वाहिनीला एवढाच हात देता येतो.

आजीच्या रक्तात पिल्लं सापडली नाहीत. सुजलेल्या माणसाच्या रक्तात ती बहुधा नसतातच. सापडतात ती धडधाकट दिसणाऱ्यांच्या रक्तात, म्हणून तर हत्तीरोगाच्या वर्षातून एकदा वाटायच्या गोळ्या सगळ्या गावानं गिळायच्या. ज्याला काहीच झालेलं नाही, तोच "मले कायले?" म्हणून गोळी खिशात टाकतो. तिथं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या दिवाळीनंतर त्या गावात पुन्हा गेलो. आजीची सूज होतीच, पण अख्ख्या लावणीत ताप एकदाच आला होता. तिनं बोटं फाकवून कोरड्या बेचक्या दाखवल्या. मग आत जाऊन झोपलेल्या नातवाला उठवून आणलं आणि त्याचं बोट माझ्यापुढं धरलं.