प्रोग्रॅमची हद्द कोणी आखायची?

समजा, आपल्या शाळेने वार्षिक निकालासाठी संगणकाचा प्रोग्रॅम करून घ्यायचे ठरवले. प्रोग्रॅम लिहिणारा विचारतो, "काय काय हवे?" आपण यादी देतो : गुण भरता यावेत, बेरीज व टक्केवारी निघावी, प्रगतिपुस्तक छापता यावे. महिन्याभरात प्रोग्रॅम तयार होतो. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिका विचारतात, "हा मुलगा गणिताच्या पेपरला आजारी होता. त्याच्या रकान्यात काय भरू?" प्रोग्रॅमला फक्त आकडा कळतो. नाइलाजाने शून्य भरले जाते. गैरहजर मुलगा नापास ठरतो आणि वर्गाची सरासरीही उगाच खाली येते.

चूक नेमकी कोठे झाली? बेरीज बरोबर आहे, छपाई सुबक आहे, यादीतले प्रत्येक काम प्रोग्रॅम करतो. चूक त्याआधीच, म्हणजे प्रोग्रॅम काय करणार आणि काय करणार नाही हे ठरवताना झाली. यालाच सॉफ्टवेअर प्रकल्पाची व्याप्ती ठरवणे असे म्हणतात. आपली यादी यंत्राने करायच्या कामांची होती. गुण भरणाऱ्या शिक्षिकेच्या शेजारी बसून ती केलेली नव्हती.

शाळेत अशी चूक खाडाखोड करून निस्तरता येते. पण रुग्णवाहिका पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती झाली तर? लंडन शहरात 1992 साली हेच घडले.

तेथील रुग्णवाहिका सेवेकडे सुमारे 600 चौरस मैलांचा परिसर आणि 68 लाखांची वस्ती होती. काम कागदावर चाले. दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील फॉर्मवर माहिती लिही, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पुढे बसलेला माणूस एकाच घटनेचे दोनदा आलेले निरोप ओळखून बाजूला काढी. मग कोणती गाडी पाठवायची ते ठरे. 26 ऑक्टोबर 1992 रोजी हे काम संगणकाकडे सोपवण्यात आले. गाडी कोठे आहे ते रेडिओमार्फत संगणकाला कळणार, गाडीतील कर्मचारी बटणे दाबून आपण निघालो, पोचलो, मोकळे झालो असे कळवणार आणि संगणक जवळची मोकळी गाडी निवडणार, अशी योजना होती.

आता ही योजना गाडीत बसून पाहू या. रुग्णाला उचलण्याच्या धांदलीत बटण दाबायचे राहून जाते किंवा चुकीच्या क्रमाने दाबले जाते. शहरातील काही जागी रेडिओ संदेश पोचत नाही. नेमून दिलेली गाडी सोडून कर्मचारी दुसरीच गाडी नेतात. संगणकाला मात्र प्रत्येक गाडीची अचूक खबर हवी होती. ती चुकू लागताच एका ठिकाणी दोन गाड्या, तर दुसरीकडे एकही नाही, असे होऊ लागले. इशाऱ्यांचे संदेश इतके साचले की जुने संदेश पडद्यावरून वर सरकून दिसेनासे झाले. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा दूरध्वनी करत. त्यामुळे काम आणखी वाढे. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निवडण्याचे काम पुन्हा माणसांकडे द्यावे लागले.

4 नोव्हेंबरच्या पहाटे हा संगणक खरोखरच बंद पडला. त्याचे कारण वेगळे होते. काम संपल्यावर स्मृतीतली जागा मोकळी करायचे प्रोग्रॅममध्ये एके ठिकाणी राहून गेले होते, त्यामुळे ती हळूहळू भरत गेली. अशी चूक शोधून सुधारता येते. पण 26 ऑक्टोबरच्या गोंधळाबद्दल 1993 च्या चौकशी अहवालाने सांगितले, ते विचार करायला लावणारे आहे. त्या दिवशी यंत्रणा तांत्रिक अर्थाने बिघडली नव्हती. तिला जे करायला सांगितले होते, ते ती करत होती. गरजांचा मसुदाही चांगला तपशीलवार होता. तो तयार करताना रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांचा सहभाग मात्र फारच थोडा होता.

मग व्याप्ती आखायची कशी? स्वीडनमधील इवार जेकबसन यांनी 1980 च्या दशकात एक सोपी पद्धत मांडली. प्रथम एक चौकट काढायची. चौकट म्हणजे आपला प्रोग्रॅम. तो वापरणारी माणसे, तसेच त्याच्याशी संबंध येणारी इतर यंत्रे, चौकटीबाहेर काढायची. प्रत्येकाला प्रोग्रॅमकडून कोणते काम पुरे करून हवे आहे, ते चौकटीत लिहायचे. अशा एकेका कामाला 'यूज केस' म्हणतात. ते काम कसे सुरू होते, कोणत्या पायऱ्यांनी पुरे होते आणि प्रत्येक पायरीवर काय बिनसू शकते, हे साध्या भाषेत लिहून काढायचे. ते वाचून वापरणाऱ्याला "आमच्याकडे असे होत नाही" असे म्हणता आले पाहिजे. पद्धतीचा खरा उपयोग येथेच आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहायचे, म्हणजे तो मागेल ते सगळे द्यायचे, असे मात्र नाही. तसे केले तर प्रकल्प कधी संपायचाच नाही. 'शाळेची फी, वेळापत्रक या प्रोग्रॅममध्ये नाही' अशी चौकटीबाहेरच्या कामांची यादीही सर्वांसमक्ष लिहून ठेवावी. ती कामे कोण करणार, हेही त्याच वेळी ठरवावे.

आता पुन्हा आपल्या शाळेकडे येऊ. 'गुण भरणे' याऐवजी 'वर्गशिक्षिका आपल्या वर्गाचा निकाल पुरा करतात' असे काम लिहून पाहा. लगेच प्रश्न उभे राहतात. मूल गैरहजर असेल तर? तोंडी परीक्षेचे गुण उशिरा आले तर? वर्षाच्या मध्येच मूल दुसऱ्या शाळेत गेले तर? छपाईनंतर नावातील चूक कळली तर? यातला एकही प्रश्न संगणकाविषयीचा नाही. त्यांची उत्तरे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याजवळ नसतात, शिक्षकांजवळ असतात.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग संगणकाशिवायही करता येईल. शाळेच्या ग्रंथालयात तासभर बसून पुस्तक देण्याघेण्याची एक चौकट त्यांना आखू द्यावी आणि ती ग्रंथपालांना दाखवावी. त्यांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याआधीच सापडलेली एक चूक होय.