विशेषण कुणाच्या डोळ्यांचे?

कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून लिहू लागलेली पोरे कथांच्या वह्या माझ्याकडे आणून देतात. त्यांत आई ‘केविलवाणी’ असते, वस्ती ‘गलिच्छ’, झोपडी ‘भकास’. लाल पेन्सिल उचलतो आणि थबकतो. माझ्या पहिल्या कथेत हीच विशेषणे होती. ती कथा मी आईला वाचून दाखवली. आई निरक्षर. सगळे ऐकून म्हणाली, “रोज सारवते मी घर. घाण कुठं दिसली रं तुला?”

मजजवळ उत्तर नव्हते. ‘गलिच्छ’ मी पाहून लिहिलेच नव्हते. गावातून आमच्या वस्तीकडे नाक मुरडून बघणाऱ्याचा तो शब्द, शाळेच्या वाटेने माझ्या लेखणीत शिरला होता. विशेषण नामाची अधिक माहिती सांगते, असे व्याकरण शिकवते. ते अर्धेच खरे. बघणारा कुठे उभा आहे, तेही विशेषण सांगून टाकते. ‘अस्पृश्य’ हे व्याकरणाने विशेषणच की! पण त्या नावाचा गुण कुणाच्या अंगी नसतो. शिवायला नकार देणाऱ्याचीच ती माहिती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. त्या शब्दाची भावंडे आपल्या कथांत मात्र आपणच पोसतो आहोत. पाटलाच्या तोंडी ‘माजलेला’ जरूर घाला, तो तसेच बोलणार. निवेदकाने तो शब्द उचलला की कथा पाटलाची झाली.

म्हणून सगळीच विशेषणे खोडा, असे नव्हे. ‘शिळी भाकरी’ म्हटले की काळ कळतो. ‘उष्टी भाकरी’ म्हटले की ती आधी कुणाच्या ताटात होती ते कळते. देणारा, घेणारा, मधली पायरी, सगळे त्या एका शब्दात येते. तो काढला तर कथाच गेली. मात्र पुढे ‘लाचार हातांनी’ जोडलेत, की वाचकाच्या वाटचे रडणे तुम्हीच रडून घेतलेत.

आणि विशेषणावाचूनही किती साधते! बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या संग्रहाचे नाव पाहा : ‘जेव्हा मी जात चोरली होती’. सारा भार ‘चोरली’ या क्रियापदावर.

त्या रात्री मी ‘गलिच्छ’ खोडून ‘ओली’ लिहिले. ओली जमीन. नुकती सारवलेली, पाय ठेवला की आई ओरडायची ती.