बालाघाटाचे जुने रान

हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघालेली बालाघाटाची रांग आग्नेयेकडे बीड जिल्ह्यात येते. परळी–लातूर रोड लोहमार्गावरचे घाटनांदूर स्थानक याच डोंगरपट्ट्यात, अंबाजोगाई तालुक्यात आहे. इथून अंबाजोगाई गाठली की गावाबाहेर, दरीच्या उतारावर मुकुंदराजांचे समाधिस्थान लागते. परंपरेनुसार शके 1110, म्हणजे 1188 साली ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या या कवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाट रानातूनच जाते.

हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, त्यामुळे इथले रान शुष्क पानगळीचे. धावडा, पळस, आपटा, खैर, बोर, बाभूळ ही इथली झाडे. कोकणातल्या देवरायांसारखे अजस्र बुंधे इथे शोधू नयेत. इथल्या झाडाचे वय बऱ्याचदा जमिनीखाली असते. पळस तोडला, गुरांनी खाल्ला किंवा वणव्यात होरपळला, तरी त्याची मुळे जिवंत राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटवे धरतात. मनगटाएवढ्या खोडाखालचे मूळ त्याहून कितीतरी जुने असू शकते. धावड्याचेही तसेच. त्याची साल फिकट, गुळगुळीत आणि खपल्यांनी सुटणारी. लाकूड मात्र इतके चिवट की कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस त्याचे करत. त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो.

सीताफळ मूळचे अमेरिकेतले, पण या माळांवर ते आपसूक वाढते. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, म्हणून चराईच्या उतारांवरही ते टिकले. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

श्रावण ते कार्तिक हा इथे चालण्याचा उत्तम काळ: ओढे वाहते असतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळे डोळे उघडतात. फाल्गुनात रान निष्पर्ण होते आणि पळस फुलतो. तेव्हा पाणी सोबत हवे आणि ऊन चढण्याआधी परतावे. मोर पाहायचे असतील, तर याच रांगेत पाटोदा तालुक्यात 1994 साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे.

वाळलेल्या गवतात एक ठिणगीही वणवा पेटवते. जुनी मुळे तो सोसतात, कोवळी रोपे सोसत नाहीत. आणि दरवर्षीच्या वणव्यात नवी झाडे वाढतच नाहीत. म्हणून या वाटांवर विडी-काडी पेटवू नये आणि चुलीसाठी फांद्या तोडू नयेत.