मित्रांच्या हातून फिरणारें संगीत

मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून निघणाऱ्या स्वतंत्र संगीतास जाहिरातीचें बळ नसतें. रसिकाचा मित्र हाच त्याचा प्रचारक. १९७८ सालीं बेलफास्ट येथील ध्वनिमुद्रिकांचा दुकानदार टेरी हूली यानें डेरी गांवच्या 'अंडरटोन्स' या तरुण वाद्यवृंदाची तबकडी काढली. बी. बी. सी. चा निवेदक जॉन पील यानें तींतील 'टीनेज किक्स' हें गीत लागोपाठ दोनदां वाजविलें, आणि लवकरच एका अमेरिकन कंपनीनें त्या मुलांशीं करार केला.

पीलचे श्रोते त्याचा कार्यक्रम घरीं फितीवर उतरवून घेत व ती फीत मित्रांना देत. ही निव्वळ चोरी, असा ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांनीं १९८० नंतर मोठाच गिल्ला केला. परंतु जी तबकडी गांवच्या दुकानांत मिळतच नसे, तिच्या विक्रीची हानि ती काय होणार? उलट, फीत ऐकून मोहित झालेला मित्र कित्येकदां मूळ तबकडीसाठीं टपालानें पैसे धाडी.