भीती दोघांनाही वाटते

आपल्या बोलण्यात घोडा जागोजागी भेटतो. घाईतला माणूस घोड्यावर बसून येतो, परीक्षा आली की घोडामैदान जवळ येते, काम अडले की नेमके कुठे घोडे पेंड खाते ते शोधावे लागते आणि उशिरा सुचलेल्या शहाणपणाला वरातीमागून घोडे म्हणून नावे ठेवता येतात. जिभेवर एवढा वावरणारा हा प्राणी प्रत्यक्षात समोर उभा राहिला, की मात्र आपण चार पावले मागे सरतो. ‘लांब हो, लाथ मारेल!’ हे वाक्य तर घरातल्या दागिन्यांसारखे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असावे.

आषाढी वारीतले रिंगण आठवून पाहा. वारकऱ्यांच्या वेढ्यातून माउलींचा अश्व धावतो आणि तो पुढे गेला, की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. तीच माणसे बाजारात बांधलेल्या घोड्याला वळसा घालून जातील. भक्ती आहे, कौतुक आहे. ओळख तेवढी राहून गेली आहे. आणि जिथे ओळख नसते, तिथे भीतीला घर करायला वेळ लागत नाही.

ही भीती खुळी आहे असे मुळीच नाही. आपल्याकडचा मध्यम चणीचा घोडासुद्धा तीन-चारशे किलोंचा असतो. त्याचा पाय नुसता आपल्या पायावर पडला तरी महिनाभर आठवण राहावी. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. एवढा धिप्पाड जीव स्वतःच जन्मजात भित्रा आहे. घोडा गवत खाणारा, कळपात राहणारा, वाघ-लांडग्यांचे भक्ष्य असलेला प्राणी. संकट आले तर आधी पळायचे आणि मग विचार करायचा, या नियमावर त्याची जात टिकली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते; दिसत नाही ते नाकासमोर अगदी जवळचे आणि थेट पाठीमागचे. मागून कोणी अचानक आले, की तो लाथ झाडतो ती द्वेषाने नव्हे, घाबरून. ‘घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये’ असे आपण गमतीने म्हणतो. त्यातला निम्मा भाग तरी शुद्ध शास्त्र आहे.

सिकंदराच्या ब्युसेफेलसची गोष्ट प्लुटार्कने सांगून ठेवली आहे. कोणालाच आवरत नसलेला हा घोडा आपल्याच सावलीला बुजतो आहे, हे फक्त पोरसवदा सिकंदराने ओळखले. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, सावली मागे पडली आणि घोडा शांत झाला. कथेत भर किती आणि खरे किती हे बाजूला ठेवू. पण मर्म अचूक आहे. त्याला ताब्यात आणण्याआधी, तो कशाला घाबरतो हे पाहिले पाहिजे.

घोडाही आपल्याला पाहत असतोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर जेवढे, तेवढ्या वेळा तो टाप आपटायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने उलगडा केला. हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि तेवढे त्याला पुरे होई. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्सही चुके. म्हणजे घोडा गणित नव्हे, माणूस वाचत होता. मग आपला धरलेला श्वास, आखडलेले खांदे त्याला कळत नसतील का? आपण घाबरलो, की त्याला वाटते, जवळपास घाबरण्यासारखे काहीतरी आहे खास! दोन भित्रे समोरासमोर आले तर निदान एकाने तरी धीर धरायचा असतो. आणि ते काम दोन पायांवर चालणाऱ्याने करायचे आहे.

त्याची रीत सोपी आहे. पहिल्या दिवशी घोड्यावर बसायचेच नाही. लांब उभे राहून नुसते त्याचे कान पाहावेत. कान पुढे टवकारलेले असतील तर त्याला कुतूहल वाटते आहे. दोन बाजूंना सैल पडलेले असतील आणि मागचा एक पाय दुमडून टेकवलेला असेल, तर स्वारी विश्रांतीत आहे. कान मागे मानेला चिकटलेले असतील तर आपण लांबच बरे. दुसऱ्या दिवशी मालकाला विचारून, तोंडाने काही बोलत, खांद्याच्या बाजूने तिरके जवळ जावे. थेट नाकाकडे हात नेऊ नये. मानेवर किंवा खांद्यावर तळवा ठेवावा आणि तो जागचा हलायच्या आत आपणच एक पाऊल मागे यावे. या माघारीत मोठी गंमत आहे. हा माणूस धरून ठेवत नाही, हे घोड्याला कळते आणि आपण हवे तेव्हा मागे येऊ शकतो, हे आपल्या मनाला कळते. गुळाचा खडा द्यायचा तो बोटांच्या चिमटीत नव्हे, सपाट तळहातावर. आणि श्वास सावकाश सोडायचा. झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये, हा त्यातला उपदेश आजही जुना झालेला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची घोड्याशी पहिली भेट होते ती माथेरानला, महाबळेश्वरला किंवा एखाद्या चौपाटीवर. तिथे नेहमी दिसणारे एक दृश्य आहे. मूल रडून आकांत करते आहे, बाबा त्याला उचलून खोगिरावर ठेवताहेत आणि आई फोटोसाठी ‘हस ना रे’ म्हणते आहे. फोटो मिळतो, पण भीती पक्की होते. त्याऐवजी त्या मुलाला दहा मिनिटे घोडेवाल्या काकांशी बोलू द्या. घोड्याचे नाव काय, तो काय खातो, उभ्या उभ्या झोपतो हे खरे का, हे विचारू द्या. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक झाले, त्याची भीती निम्मी ओसरते.

धनगरांचे वाडे पाहिले की हे पटते. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे एके काळी मराठ्यांच्या फौजेत होती. आज ती प्रामुख्याने धनगरांचा संसार वाहतात. पाठीवर भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरे आणि वर एखादे पेंगणारे पोर! त्या पोराला धाडसाचे धडे कोणी दिलेले नसतात. रोजचा सहवास हीच त्याची शाळा.

भीतीचे कारण खरेखुरे असले तरी वाट निघते, याचे उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे. 1944 मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरी त्या पुन्हा घोड्यावर बसायला शिकल्या. चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि 1956 मध्ये पुन्हा तोच पराक्रम केला. पायांनी सांगता येत नव्हते ते त्यांनी अंगाच्या तोलातून घोड्याला सांगितले आणि घोड्याने ते ऐकले.

भीती गेली, की माणसाला पुढची हौस सुटते. आपलाही एक घोडा असावा! शिवकालीन फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा तोरा काही वेगळाच. तो आजही पाहायचा असेल तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जावे. कानांची टोके आत वळलेली मारवाडी, काठेवाडी जनावरे, पंचकल्याणी कुठले, भोवरे शुभ की अशुभ, चाल कशी, यावर तासन् तास चालणारी चर्चा! पागोटेवाले आजोबा घोड्याचे दात पाहून वय सांगतात आणि नातू तोबरा धरून उभा असतो.

पण शिलेदार होण्याआधी हिशेब मांडायला हवा, आणि तो केवळ किमतीचा नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. आज शाळेत जाणारी लेक उद्या संसाराला लागेल, तरी तो दारात असेल. त्याला रोज सात-आठ किलो वैरण लागते, पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, शिवाय कामाप्रमाणे चंदी. दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरे छाटायला नालबंद लागतो. त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे खाण्यात गडबड झाली तर साधी पोटदुखीही जिवावर बेतते आणि रात्री-अपरात्री पशुवैद्याला गाठावे लागते. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे. म्हणजे पाऊस असो वा पाहुणे, त्याला रोज मोकळे करायलाच हवे. तो कळपातला जीव असल्यामुळे एकटा झुरतो. एवढे जमणार नसेल, तर वर्षभर एखाद्या चांगल्या तबेल्यात जाऊन शिकावे, खरारा करावा, लीद काढावी आणि मगच व्यवहाराचे बोलावे. बारगीर राहण्यात काही कमीपणा नाही. हौसेपोटी आणलेला आणि वर्षात विकून टाकलेला घोडा मात्र नव्या दावणीला नव्याने घाबरत उभा राहतो.

आणि ज्यांना जमते, त्यांना मिळते काय? रपेट तर आहेच. वाऱ्यावर जाणाऱ्या त्या दुडक्या चालीचे सुख मोटारीला येणार नाही. परंतु घोडा पाळणारे सांगतात ते सुख बरेचदा जमिनीवरचेच असते. पहाटे खरारा करताना हाताला लागणारी त्याच्या अंगाची ऊब, ओल्या गवताचा वास, खांद्यावर येऊन टेकणारे जड डोके. मनात दिवसभराची खळबळ घेऊन त्याच्याजवळ जाता येत नाही, कारण त्याला ती लगेच कळते. म्हणून माणूस तबेल्याच्या दाराशी क्षणभर थांबतो, श्वास सोडतो आणि मगच आत जातो. ती सवय हळूहळू घरातही येते. मग एखाद्या सकाळी वैरण घेऊन यायला उशीर होतो आणि आपली पावले ओळखून आतून खिंकाळी येते. पळून जाणे हाच ज्याचा स्वभाव, तो आपली वाट पाहत उभा असतो.