दालच्यात चिंच शेवटीच का घालतात?

काळा राजमा आणि डुकराचं मांस एकत्र शिजवून केलेला 'फेज्वादा' हा ब्राझीलचा लाडका पदार्थ. पोर्तुगीज राजवटीमुळे त्याचा भाऊबंद गोव्यातही आहे, तिथे त्यात चोरीस घालतात. पण डाळ आणि मटण एका पातेल्यात रटरटणं नांदेड-लातूरकरांना काही नवीन नाही. आपल्याकडे त्याला दालचा म्हणतात.

दालचा इथे कसा?

हा सगळा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे हैदराबादसारखाच इथल्या दावतीतही बगारा खाना आणि दालचा असतो. 'बगार' म्हणजे फोडणी. दालच्याचं गणित साधं आहे: मटण थोडं, डाळ जास्त. हाडांचा आणि चरबीचा स्वाद डाळीत उतरतो आणि अर्ध्या किलो मटणात सात-आठ माणसं पोटभर जेवतात. मटणाचे भाव बघता ही गोष्ट छोटी नाही.

करायचा कसा?

एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि अर्धी वाटी तूरडाळ तासभर भिजवा. हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवा आणि घोटून घ्या. दुसरीकडे कांदा, आलं-लसूण, तिखट आणि धणेपूड परतून त्यात हाडासकट मटण शिजवा. मग दोन्ही एकत्र करा, दुधीच्या मोठ्या फोडी घाला. दुधी शिजला की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घालून दहा मिनिटं उकळा. शेवटी जिरं, लसूण, सुकी मिरची आणि कढीपत्त्याचा बगार द्या.

चिंच आधी घातली तर?

डाळ शिजतच नाही. डाळीच्या पेशींना पेक्टिन नावाचा घटक धरून ठेवतो. तो विरघळला की डाळ मऊ होते. आंबट पाण्यात तो लवकर विरघळत नाही. मग कितीही शिट्ट्या करा, डाळ टणकच राहते आणि तोवर मटणाचा लगदा होतो. डाळ आणि मटण वेगळं शिजवायचं ते यासाठीच.

आणि बोअरचं पाणी?

'बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही' ही तक्रार खरी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट करतं. चिमूटभर सोडा टाकला तर डाळ शिजते, पण तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं. त्यापेक्षा पाणी आधी उकळून थंड करा. क्षार तळाशी बसले की वरचं पाणी वापरा. नाहीतर डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या.

थोडक्यात, डाळीला मऊ पाणी आणि चिंचेला शेवटचा नंबर, एवढं सांभाळलं की दालचा सहसा बिघडत नाही.