दर्यावर्दींची स्मारके : वसई परिसरातील स्मृतिशिळांचे वाचन



शिलालेख आणि ताम्रपट ही भाषाभ्यासाची महत्त्वाची साधने आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. प्रस्तुत घटकात त्याच कुळातील, परंतु आकाराने लहान अशा एका लेखनप्रकाराकडे वळावयाचे आहे. मृताच्या स्मरणार्थ दगडावर कोरलेला मजकूर, म्हणजेच स्मृतिलेख, हा तो प्रकार होय. त्यातही आपण समुद्रावर आयुष्य घालविलेल्या माणसांची स्मारके निवडली आहेत. घरात किंवा रणात मृत्यू पावलेल्या माणसाचा देह सहसा आप्तांच्या हाती लागतो. समुद्रात गेलेल्याचा पुष्कळदा लागत नाही. मग दगड कोठे उभारावयाचा, आणि त्यावर लिहावयाचे काय? किनाऱ्यावरील प्रत्येक समाजाने या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे.

आधी शब्दांचा विचार करू. देह जेथे पुरला ती कबर किंवा थडगे. दहनस्थानी अथवा अस्थींवर बांधलेली ती समाधी. समाधीवर छत असेल तर छत्री. लढून मेलेल्याचा कोरीव दगड तो वीरगळ. अलिबागेत कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. हा दर्याचा सेनापती १७२९ मध्ये मरण पावला, पण जमिनीवर, म्हणून त्याची समाधी होऊ शकली. देह हाती नसताना उभारलेल्या स्मारकाला मात्र आपल्या भाषेत स्वतंत्र, रूढ शब्द नाही. आपण नुसते ‘स्मारक’ म्हणून वेळ निभावून नेतो. शब्दाची ही उणीव लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

वसईच्या किल्ल्यातील फरसबंदी

गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. समुद्राकडचा आणि जमिनीकडचा असे किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे होते. आत अनेक चर्चे उभी राहिली आणि त्यांच्या जमिनीखाली प्रतिष्ठित घराण्यांचे लोक पुरले गेले. आज छपरे नाहीत, परंतु फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पोर्तुगीज लेखांच्या आणि कुलचिन्हांच्या शिळा अद्याप पायांखाली दिसतात.

या शिळांवरील मजकूर कमालीचा कोरडा असतो. ‘सेपुल्तुरा’, म्हणजे कबर, या शब्दाने आरंभ, अथवा ‘येथे विसावला आहे’ अशा अर्थाचे ठरीव वाक्य. पुढे नाव, हुद्दा, बहुधा पत्नीचे नाव, ‘आणि त्याच्या वारसांची’ अशी जोड आणि वर्ष. स्तुती नाही, विलाप नाही. प्रथमदर्शनी विद्यार्थ्याला हे निराशाजनक वाटते. पण ‘वारसांची’ या एका शब्दाकडे नीट पाहावे. ही शिळा स्मरणापेक्षा मालकी अधिक सांगते : चर्चमधील ही जागा या घराण्याची आहे आणि पुढच्या पिढ्याही येथेच येतील, असा तो करार आहे. १७३९ च्या शरणागतीनंतर पोर्तुगीज वसई सोडून समुद्रमार्गे निघून गेले. ज्या वारसांसाठी जागा राखली होती ते पुन्हा तेथे आले नाहीत. कोरडा मजकूर इतिहासाच्या उजेडात धरला की असा बोलू लागतो.

सेंट जोसेफच्या चर्चमध्ये, ज्याला पोर्तुगीज ‘मात्रीझ’ म्हणत, पेद्रो गाल्व्हांव या धर्मगुरूची शिळा आहे. त्याने या चर्चचा जीर्णोद्धार केला. त्याचा मृत्यू १६१८ मध्ये गोव्यात झाला आणि अस्थी वसईच्या या चर्चमध्ये आणल्या, असे लेख सांगतो. हा गृहस्थ नाविक नव्हे. तरी देह आणि दगड यांची ताटातूट मिटविण्यासाठी माणसे किती यातायात करतात, हे येथे दिसते.

आता दोन सावधगिरीच्या सूचना. थडग्यावर ‘कपितांव’ हा हुद्दा दिसला की नौदलाचा अधिकारी सापडला, असे मानण्याचा मोह होतो. आपला ‘कप्तान’ हा शब्द याच कुळातला, आणि ‘आरमार’ हाही ‘आर्मादा’वरून आलेला. परंतु पोर्तुगीज व्यवहारात किल्ल्याचा अधिकारीही कपितांवच होता. आरमाराचा किंवा गलबताचा उल्लेख जोडीला असेल तरच तो दर्यावर्दी समजावा.

दुसरी सूचना चिन्हांविषयी. ख्रिस्ती थडग्यावर नांगर कोरलेला असेल तर तेथे खलाशी पुरला आहे असे सिद्ध होत नाही. बायबलच्या नव्या करारात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, आणि त्यामुळे कधीही बोटीत न बसलेल्या माणसाच्या कबरीवरही नांगर शोभतो. तसेच कवटी व हाडांच्या फुलीचे. ती चाचेगिरीची खूण नसून मृत्यूच्या अटळपणाची आठवण असते.

एकसरचे वीरगळ

वसईची खाडी ओलांडून दक्षिणेस बोरिवलीजवळ एकसर येथे गेलो की उत्तर एकदम बदलते. तेथील वीरगळांपैकी काहींवर नौकायुद्ध कोरले आहे. हा दगड खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत उंच नाळेच्या, डोलकाठ्यांच्या नौका ओळीने निघाल्या आहेत. वल्ह्यांची रांग दिसते, वर धनुर्धारी उभे आहेत. त्यावरच्या चौकटीत नौका एकमेकींना भिडल्या आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत. त्याहून वर अप्सरा वीराला नेत आहेत, शिवपूजा चालली आहे, आणि शिरोभागी कलश आहे.

अभ्यासकांचा एक मोठा वर्ग या दगडांचा संबंध १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी जोडतो. देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला, ते हे युद्ध. सोपारा, ठाणे यांसारखी बंदरे ज्या राज्यात होती त्याचा शेवट समुद्रावर झाला. यादवांच्या प्रशस्तीत कवी म्हणतो की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातील वडवानल बरा वाटला. जेत्याच्या दरबारातील ही चमत्कृती आहे. बुडणाऱ्या माणसाचा मृत्यू तीत अलंकार होऊन जातो. वीरगळ मात्र हा अलंकार करीत नाही. पाण्यात पडणारी माणसे तो पाण्यात पडताना दाखवतो. माझ्या मते या विषयावरील आपल्या किनाऱ्याचे सर्वांत प्रामाणिक निवेदन ते हेच. या वीरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत; येथे चित्र हाच मजकूर आहे. नौकायुद्धाचा असा वीरगळ जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातही आहे.

संगमरवरावरील कप्तान

मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. ‘चर्चगेट’ हे नाव त्याच्यावरूनच पडले. त्याच्या भिंतींवर इंग्रज अधिकाऱ्यांची संगमरवरी स्मारके आहेत, आणि त्यांत कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंग याचे स्मारक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

१८०८ च्या मार्चमध्ये भारताच्या दक्षिण टोकानजीक इंग्रजांचे ‘सान फियोरेन्झो’ आणि फ्रेंचांचे ‘पिएमाँतेझ’ ही जहाजे तीन दिवस झुंजली. फ्रेंच जहाजाने या समुद्रातील इंग्रज व्यापाराला बराच त्रास दिला होता. तिसऱ्या दिवशी, ८ मार्चला, हार्डिंग मारला गेला. त्यानंतर फ्रेंच जहाज शरण आले. तो २६ वर्षांचा होता. देह कोलंबोस पुरला, स्मारके मुंबईत आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झाली. वर ज्या शब्दाची उणीव नोंदविली, ती येथे भासते.

आता जे संगमरवरावर नाही ते पाहू. हार्डिंगच्या जहाजावर एकूण १३ माणसे मेली. फ्रेंच जहाजावर ३६६ फ्रेंच होतेच, शिवाय शिडे हाताळण्यासाठी सुमारे २०० लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी होते, असे विजयी जहाजावरील लेफ्टनंटच्या अहवालात नमूद आहे. जहाज शिडांवर चालते आणि शिडे या माणसांच्या हाती होती. त्यांतील कोण जगले, कोण मेले हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही.

त्याच कॅथीड्रलमध्ये ॲडमिरल फ्रेडरिक मेटलंड याचेही स्मारक आहे. १८१५ मध्ये नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण आला, तो हा मेटलंड. १८३९ मध्ये मुंबईजवळ ‘वेलस्ली’ या जहाजावर त्याचा मृत्यू झाला. ते जहाज मुंबईच्याच गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले होते. स्मृतिलेखाचे वाचन करताना नावाबरोबर जहाजही शोधावे. पुष्कळदा दुसरा इतिहास तेथे सापडतो.

साध्या खलाशाचे नाव दगडावर यावयास विसावे शतक उजाडावे लागले. मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम येथे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या २०००हून अधिक नाविकांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशांची ही नावे. तेथे गुणवर्णन नाही, रूपक नाही. केवळ यादी आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या ‘खुकरी’ युद्धनौकेचे स्मारकही समुद्राकडे तोंड करून उभे आहे. त्या रात्री कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. तेव्हाही बहुतेकांचे देह समुद्रातच राहिले.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एक वीरगळ, समाधी किंवा जुने थडगे निवडा. आरंभीचे शब्द, हुद्दा, नातेसंबंध, कालोल्लेख आणि चिन्हे यांची नोंद करून सुमारे ३०० शब्दांत त्याचे वाचन लिहा. कोणाचे नाव असावयास हवे होते आणि नाही, याचा विचार त्यात अवश्य यावा.

२. यादवांच्या प्रशस्तीतील कल्पना आणि एकसरचा वीरगळ यांची निवेदनपद्धती म्हणून तुलना करा.

प्रत्यक्ष पाहणीसाठी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. भर दुपारी तीच शिळा कोरी वाटते. अक्षरांवर खडू, तेल वा पाणी लावू नये, छायाचित्र घ्यावे. दफनभूमी वापरात असेल तर तेथील व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी, आणि अलीकडच्या काळातील कबरीवरील नावे कुटुंबाच्या संमतीविना स्वाध्यायात लिहू नयेत.